ओटी घरात की बाहेर

सुध्या, तू गेल्याची बातमी मी आपल्या वाचकांना कळवली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

रागावू नकोस. त्यांची काही चूक नाही. मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसलो, दोन-तीनदा चष्मा पुसला आणि लिहिलं की माझा मित्र सुधाकर, ज्याच्याबरोबर मी बॅरनची गोष्ट लिहीत होतो, तो वारला, आता पुढचा भाग येणार नाही. खाली जाऊन चहा पिऊन आलो तर डोंबिवलीच्या निखिलचं उत्तर हजर. 'नाना, कहर केलात. लेखकालाच मारलंत. आता त्याला चावलं कोणी ते सांगा.' त्याच्या खाली मस्कतच्या शैलाताई. त्यांचं म्हणणं असं, की हे काम बॅरनचंच, पण सुधाकर हे पात्र आधी कुठे आलं होतं ते त्यांना आठवत नाही, एखादा भाग वाचायचा राहिला असेल तर कोणीतरी पाठवा.

म्हणजे बघ. इतकी वर्षं तू पात्रं लिहिलीस आणि शेवटी स्वतःच नवीन पात्र ठरलास. मी कॅफेत मोठ्याने हसलो. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस रेल्वेचं तिकीट काढत होता, तो दचकला. आणि मग ही गंमत कोणाला सांगायची तर तुला, म्हणून पैसे देऊन तरातरा निघालो. तुमच्या आळीच्या कोपऱ्यापर्यंत आलो. तिथे माडाखाली थांबलो आणि तसाच उभा राहिलो, कारण पुढे कुठे जायचं ते कळेना.

खरं तर घोळ आपलाच. नाव एकच घेतलं ना आपण. 'नाना ओटीवाले.' तू म्हणालास, दोघांची नावं दिली की कोणतं वाक्य कोणाचं यावरून लोक वाद घालतील. तो वाद आपणच आठवडाभर घालायचो हे तू विसरलास. लोकांना वाटायचं नाना म्हणजे एक पेन्शनर, नारळाच्या वाडीत झोपाळ्यावर बसून भुताखेताचं लिहिणारा. शैलाताईंनी एकदा नानांच्या गुडघ्यासाठी मस्कतहून तेलाचं नाव कळवलं होतं. मी ते तेल शोधलं. तू म्हणालास, नानाचा कुठला गुडघा माझा आणि कुठला तुझा ते आधी ठरव.

आता अर्धा नाना गेला. अर्ध्या माणसाच्या निधनाची बातमी कशी देतात, मला ठाऊक नाही.

सुरुवात आठवते का तुला? अठ्ठ्याण्णव साल. केबलवर रक्त पिणाऱ्या बॅरनची ती परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. रविवारी दुपारी, माशाचं जेवण झाल्यावर. मी माझं दुकान बंद करून यायचो. ड्रेपरीचं दुकान, नाटकांना कपडे भाड्याने देणारं, त्यामुळे रविवारी मावळे आणि राजे यांचे कपडे वाळत घालून यायचो म्हण. तुमच्या ओटीवर टीव्ही, तू खुर्चीत, मी झोपाळ्यावर. तो फिकट, रुबाबदार बॅरन दाराशी यायचा, टोपी काढायचा आणि थांबायचा. बोलावल्याशिवाय आत येता येत नाही हा त्याचा नियम. आठवडाभर गावातल्या निम्म्या लोकांचं रक्त तपासणीसाठी काढून आलेला तू, सुईला न घाबरणारा, त्या दाराशी थांबलेल्या माणसाकडे असा बघायचास की मी टीव्ही सोडून तुझ्याकडे बघायचो.

आणि शेवटच्या भागाला वीज गेली. बॅरन मुख्य दाराशी उभा, आत ती म्हातारी बाई, तिने तोंड उघडलं, आणि पंखा थांबला. संध्याकाळी वीज आली तेव्हा मालिका संपून भजनं लागली होती. ती 'ये' म्हणाली की 'जा' म्हणाली हे जगाला ठाऊक आहे, आपल्याला नाही. केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, साहेब, मी क्रिकेट लावत होतो.

मग आपणच ठरवलं की बॅरन तिथून निघून रत्नागिरीत येतो. आणि नुसता येऊन करणार काय, म्हणून मी लहानपणच्या वाचनालयातल्या पातळ पुस्तकांतला माझा आवडता गुप्तहेर कारखानीस त्याच्या मागे सोडला. फिरंगी पिशाच्च आणि पाइप ओढणारा कारखानीस एका गोष्टीत. तू म्हणालास, हे म्हणजे सोलकढीत केक बुडवण्यासारखं आहे. पण पुढच्या रविवारी पहिला प्रसंग तूच सांगितलास.

अडचण एकच होती. रत्नागिरीत बॅरनला आत कोण बोलावणार? मी म्हटलं, कोणीही. कोकणातला माणूस दारी आलेल्याला 'या' म्हणतोच. तू म्हणालास, म्हणतो, पण आत घेत नाही. मी म्हटलं, प्रयोग करून बघू. तुला वाटलं नव्हतं मी खरंच करीन. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी दुकानातला काळा झगा घातला, तोंडाला पांढरा रंग, प्लॅस्टिकचे सुळे, आणि पलीकडच्या आळीतल्या अण्णांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तू अंगणाच्या दगडी गडग्याआड लपून बघत होतास. घामाने माझा रंग गळ्यापर्यंत उतरला होता.

अण्णा निवृत्त मास्तर, मोतीबिंदू पिकलेला, ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलेले. त्यांनी वर पाहिलं. घाबरले नाहीत, हसले नाहीत. म्हणाले, "कोणाकडचा रे तू?"

मला सुळ्यांमुळे बोलता येईना. अण्णा म्हणाले, बस. मी ओटीवर बसलो. मग मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, आजोळ गुहागरकडचं का, नाक तिकडचं वाटतंय. माझी मान नुसती हलत होती. आतून कोकमाचं सरबत आलं, लालभडक. मी घोट घेतला आणि सुळे पेल्यात पडले. गडग्याआडून तुझा आवाज आला, कुकर फुटल्यासारखा. अण्णा तासाभराने म्हणाले, ये परत, वडलांना सांग मी विचारलं म्हणून. आत मात्र नाही बोलावलं.

त्यावरून आपलं भांडण पेटलं ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. मी म्हटलं, बस म्हणाले म्हणजे बोलावलं, जिंकलो. तू म्हणालास, कुठे बोलावलं, तू तर बाहेरच होतास. मी म्हटलं, ओटीवर होतो. तर तू शांतपणे सांगितलंस की ओटी म्हणजे बाहेर. "ओटीवर कुत्रं येतं, पोस्टमन येतो, मतं मागणारे येतात. त्यांना कोण बोलावतं? तसा बॅरनही येईल, बसेल, दोन शब्द बोलेल. उंबऱ्याच्या आत यायचं तर बोलावणं हवं."

मी चिडलो. मी म्हटलं ओटी घराचीच. वर छप्पर आहे, खाली कोबा आहे, तिची घरपट्टी भरतोस. बॅरनला ओटीची पायरी चढायची तरी बोलावणं लागेल.

झालं. पुढे काही वर्षांनी कॅफे आला, नेटवर त्या मालिकेवर बोलणाऱ्या मराठी मंडळींचा गट सापडला, आपण इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकायला लागलो. मी हातवारे करत, खुर्चीमागे येरझाऱ्या घालत सांगायचो आणि तू दोन बोटांनी टाइप करायचास. पुढचा भाग तू, त्याच्या पुढचा मी. तुझ्या भागात बॅरन ज्याच्या त्याच्या ओटीवर ऐसपैस बसून सुपारी कातरायचा आणि माझ्या भागात बिचारा अंगणात पावसात छत्री धरून उभा. वाचक चक्रावले. निखिलने सिद्धांत मांडला की बॅरन दोन आहेत, जुळे, आणि नाना हे हळूहळू उघड करणार आहेत. तू म्हणालास, बघ, आपल्यापेक्षा हुशार आहे.

आणि अण्णांच्या त्या प्रश्नाने तर गटाला वेड लावलं. कोणाकडचा रे तू? आपल्या गोष्टीत प्रत्येक ओटीवरचा म्हातारा बॅरनला हेच विचारायचा आणि वाचक आपापलं उत्तर पाठवायचे. शैलाताईंच्या मते तो पोर्तुगीज गलबतावरून पडलेला खलाशी. निखिलच्या मते संस्थानातला दत्तक मुलगा, हक्क नाकारलेला. मी त्याला प्रेमभंग दिला, एक नव्हे, तीन, आणि तिसरीला घोडीवर बसवली. तू एवढंच लिहिलंस की त्याला उत्तर ठाऊक नाही. कोणाकडचा हे त्याला आठवत नाही, म्हणून तो दारोदार जातो, कोणी विचारावं म्हणून. रक्ताचं निमित्त. मी तुला म्हटलं, फार रडवं झालं. तू म्हणालास, बरं, मग तुझी घोडी आण.

दुसरं भांडण कारखानिसाचं. तू त्याला मारायचास आणि मी त्याला उठवायचो. तू त्याला किल्ल्यावरून समुद्रात ढकललास, मी त्याला एका मच्छीमाराच्या होडीच्या जाळ्यात सुरमयांबरोबर वर काढला. तू विष घातलंस, मी म्हटलं तो त्याचा जुळा भाऊ. तिसऱ्यांदा उठवला तेव्हा तू खुर्ची मागे सारलीस. तुला मी इतका चिडलेला कधी पाहिला नव्हता. "वश्या, मेलेल्याला परत आणलास ना, की आधीचं रडणं खोटं पडतं. मेला तो मेला. हा नियम." मग पावसाळा सरेपर्यंत तू माझा एकही भाग टाइप केला नाहीस. म्हणून बोलता बोलता सहज 'मेल्या' म्हणायचो तुला, ते गेल्या काही दिवसांत तीनदा तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं.

आता जे सांगतो ते मला अजून नीट समजलेलं नाही.

त्या सकाळी निरोप आला तसा मी आलो. ओटीवर माणसं होती. मी सवयीने झोपाळ्याकडे गेलो आणि कडी धरून उभा राहिलो. मग वैनी, तुझी बायको, दारात आल्या. मला बघून म्हणाल्या, "भावोजी, आत या."

सुध्या, माझा पाय उचलेना. तेव्हा मला कळलं की मी तुझ्या घरात कधी गेलोच नव्हतो. इतके रविवार, इतका चहा, गणपतीत आरती झाली की प्रसाद घ्यायला मी ओटीच्या टोकाला, हात पुढे करून. तुझ्या ओटीचा कोबा कुठे तडकलाय ते मी डोळे मिटून सांगीन. पण उंबऱ्याच्या पलीकडे काय आहे, ठाऊक नव्हतं. आणि तुझ्या मते ओटी बाहेर. म्हणजे इतकी वर्षं तू मला बाहेर बसवलंस? की मी मित्र आहे हे इतकं धरून चाललास की बोलवायचं राहून गेलं? मी दारात उभा, लोक मागे खोळंबलेले, आणि माझ्या डोक्यात हे. नाटक्या माणसाचं काय सांगावं. शेवटी वैनींनी पुन्हा 'या' म्हटलं तेव्हा आत गेलो.

तू माजघरात होतास. माझी नजर आधी तुझ्याकडे जायला हवी होती, ती भिंतींवर गेली. मी काहीतरी शोधत होतो. तुझ्या घराला मी मनात एक पूर्वकथा देऊन ठेवली होती, लक्षात आलं का? एखादा कोंडलेला काका, जुनं दुःख, काहीतरी, ज्यामुळे तू कोणाला आत घेत नाहीस. तिथे होत्या लोणच्याच्या बरण्या. फडकं टाकलेलं शिलाई मशीन. दुकानाची जाहिरात असलेलं कॅलेंडर, त्यावर गॅस कधी आला ते लिहिलेलं. खुंटीला तुझा लॅबमधला पांढरा कोट. इतकंच. मला कसलंच रहस्य सापडलं नाही आणि मी तिथे त्या साध्या घरात हमसून हमसून रडलो, आणि कशासाठी जास्त, ते विचारू नकोस.

दोन दिवसांनी न राहवून वैनींना विचारलं. म्हटलं, सुधाकरने मला कधी आत का बोलावलं नाही? त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, केबलची वायर आत पोचत नव्हती, म्हणून टीव्ही ओटीवर. टीव्ही ओटीवर, म्हणून तुम्ही ओटीवर.

एवढंच. तुझी बारीक योजना शोधणारा मी, आणि उत्तर वायरीचं. पण खरं सांगू, हे उत्तर पूर्ण आहे की नाही, हेही मला कळत नाही. वायर वाढवता आली असती ना रे.

मग वैनींनीच मला विचारलं, की बॅरनला शेवटी आत घेतलंत का. मी थक्क. त्यांना कसं माहीत? तर माझा आवाज, म्हणे, विहिरीवर ऐकू जातो, त्या दाराआड बसून डाळिंब्या सोलत सगळं ऐकायच्या. पहिल्या रविवारपासून. आणि कॅफेतून आल्यावर तू त्यांना भाग सांगायचास. मी म्हटलं, वैनी, मग तुम्हालाच ठाऊक असणार, कुठलं वाक्य कोणाचं. त्या म्हणाल्या, हो तर, सुपारी कातरणं यांचं आणि बॅरनला आपण कोणाकडचे ते आठवत नाही, हे तुमचं.

माझं? सुध्या, शपथेवर सांगतो, ते तुझं. मी त्याला रडवं म्हटलं होतं. की ते येरझाऱ्या घालताना माझ्याच तोंडून गेलं होतं, आणि तू मुकाट टाइप केलंस, आणि वाचताना मला ओळखू आलं नाही? तू असतास तर एका वाक्यात निकाल लागला असता. आता नानाचं कुठलं काय हे सांगणारं कोणी उरलं नाही, आणि मला कधी कधी भीती वाटते की ती घोडीसुद्धा तुझीच असेल.

इकडे गट ऐकेना. मी पुन्हा लिहिलं, की हे गोष्टीतलं नाही, खरोखर झालंय. निखिल म्हणाला, नाना, गोष्टीतले लोकही असंच म्हणतात. शैलाताईंना मात्र शंका आली असावी. त्यांनी विचारलं, मग आम्ही आता कुठल्या नानाशी बोलतोय? बाकी सगळे मागे लागले, सुधाकरला परत आणा. बॅरन एकदा चावला की उठेल. तुम्ही कारखानिसाला तीनदा उठवलात.

आता लपवत कशाला. मी बसलो लिहायला. काय जमला होता रे भाग. संध्याकाळी लॅब बंद झाल्यावर तू कोट घालून येतोस, बॅरनचं रक्त काढायला, रक्तगट कुठला ते बघायला, आणि तो लाजून हात मागे घेतो. मी तो घेऊन वैनींकडे आलो. आता आतच येतो मी, माजघरात पाट देतात. सगळे आवाज काढून वाचला. बॅरन हात मागे घेतो तिथे वैनी हसल्या, तोंडाला पदर लावून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं जिंकलो.

वाचून झालं. त्या म्हणाल्या, "छान झालंय. पण भावोजी, मग मी रडले ते खोटं का?"

तू खुर्ची सारून मला सुनावलेलं ते वाक्य मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. तू त्यांना सांगितलंस? की मुळात ते त्यांचंच, दाराआडचं, आणि तू कॅफेत आणून माझ्यावर फेकलंस? म्हणजे नाना ओटीवाले नक्की किती जण होते? विचारणार होतो. त्या उठून दिवा लावायला गेल्या.

तो भाग मी कोणाला पाठवला नाही. जमला होता, तरी नाही पाठवला. नियम तुझा की वैनींचा हे मला माहीत नाही, पण नियम आहे. तू परत येत नाहीस. निखिलला वाटू दे नाना म्हातारे झाले.

आज कॅफेत जाऊन एवढं मात्र लिहिलं. पूर्वी मी अंगणात छत्री धरून उभा केलेला बॅरन चुकीचा होता, तो तसा उभा राहायला नको होता. सुधाकरचं म्हणणं बरोबर होतं, ओटी बाहेर आहे. इथे आमच्या वादाचा निकाल लागला, मी हरलो. खाली माझं नाव घातलं, वसंत, नानाचं नाही. शैलाताईंनी दोनच शब्द लिहिले, 'आता कळलं.' त्यांना काय कळलं ते मला कळवलं असतं तर बरं झालं असतं.

आत्ता तुझ्या ओटीवर बसून हे लिहितोय. ऊन उतरलंय. टीव्ही बंद आहे, त्याच्यावर वैनींनी रुमाल टाकलाय. त्या दोनदा म्हणाल्या, आत बसा, मी म्हटलं, जरा इथेच. तुझी खुर्ची मी हलवलेली नाही.

तुला 'ये' म्हणत नाहीये, हे लक्षात ठेव. मेला तो मेला. पण ओटी बाहेर आहे, हे आता ठरलं, मी चारचौघांत मान्य केलंय. आणि ओटीवर बसायला कोणाचं बोलावणं लागत नाही.